कॅसेटचे कान

कूलरच्या आवाजाची मला भीती वाटते, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. हसतील लोक. सगळा जन्म जळगावात काढलेला माणूस, आणि कूलरला भितो! इथे चैत्र लागला की घरोघरी माळ्यावरून कूलर उतरतात. जाळीतलं जुनं गवत काढून नवं भरायचं, बादलीनं टाकी भरायची आणि बटण दाबायचं. आधी वर्षभराच्या धुळीचा वास येतो, मग ओल्या गवताचा. घरातली सगळी त्या पहिल्या गार झोतासमोर येऊन उभी राहतात. मी नेमका त्याच वेळी पिशवी घेऊन बाहेर पडतो. कधी दही संपलेलं असतं, कधी लिंबं. बायकोला वाटतं, यांना धुळीचा त्रास होतो.

यंदा बाहेर पडता आलं नाही. पुतण्याचं लग्न तोंडावर, मुलगी पुण्याहून आलेली, आणि हळदीला कोणती गाणी लावायची याची यादी तिच्या फोनवर चाललेली. तिच्या फोनला सगळं ठाऊक असतं. एक गाणं ऐकलं की तो आपणहून म्हणतो, मग तुम्हाला हेही आवडेल. मी सोफ्यावर, कूलर नुकताच सुरू झालेला, आणि मुलगी मैत्रिणीला सांगत होती, "अगं, हा ट्रॅक ऐकच. आमचे पप्पा म्हणतात तसा आहे. मोटर सुरू केल्यावर कोरड्या पाटात पहिलं पाणी येतं ना, तसा." मग फोन बाजूला ठेवून माझ्याकडे वळली. "पप्पा, तुम्हाला हे असं सुचतं कसं हो?"

"सुचायचं तेव्हा," मी म्हणालो.

मला कधीच काही सुचलेलं नाही. ते वाक्य भटूचं आहे.

नव्वदच्या आसपासचा तो उन्हाळा. कोणता ते आठवतं, पण लिहीत नाही. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि माझं बूड कायम कांतीभाऊच्या दुकानात असायचं. कांतीभाऊ मारवाडी. घरचं तीन पिढ्यांचं कापडाचं दुकान, पण या धाकट्यानं कापड मोजायला नकार दिला आणि स्टेशनच्या रस्त्याला एका चिंचोळ्या गाळ्यात रेकॉर्डिंगचं दुकान टाकलं. तुम्ही कोरी कॅसेट आणि गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी भरलेली कॅसेट न्यायची. लगीनसराईत तर गावोगावचे बँडवाले नवीन धुना शोधत त्याच्याकडे यायचे. गाळ्यात टेपांचा गरम प्लास्टिकचा वास आणि शेजारच्या दाल मिलमधून येणारं तुरीचं पीठ. कॅसेटच्या डबीवर बोट फिरवलं तर बोट पिवळं व्हायचं.

त्या गाळ्यात माझी एक जागा होती. माझा मावसभाऊ मस्कतला. तो येताना आमच्यासाठी दोन कॅसेटचा टेप घेऊन आला होता आणि वर्षातून एकदा बाहेरच्या कॅसेटा पाठवायचा. त्यांतल्या काहींत गाणारं कुणी नसायचंच. नुसते सिंथेसायझर, यंत्रावर वाजणारे ढोल, आणि मधूनच कुठून तरी हवेत सुटल्यासारखा एक सूर. कांतीभाऊ त्याला 'मशीन का म्युझिक' म्हणायचा. मी एक लांबोडी वही केली होती. कॅसेटच्या कागदावरून नाव, साल, देश असं उतरवून पुढे चांदण्या द्यायचो, एक ते पाच. कॉलेजची मुलं विचारायची, "भो, नवीन काय?" मी वही उघडायचो. मी सांगितलं की लोक ते भरून न्यायचे. विशीतल्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

भटू आला तेव्हा मी अशीच एक कॅसेट लावून दोघांना देश आणि साल सांगत होतो. दारात एक लुकडा मुलगा उभा होता, आयटीआयच्या निळ्या कपड्यांत. दोंडाईच्याजवळच्या खेड्यातला, बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला, आणि हा इथे मोटार वाइंडिंग शिकायला आलेला. हे सगळं नंतर कळलं. त्याचं पहिलं वाक्य होतं, "भाऊ, आते जे वाजनं ते परत लाव ना. त्यामा कोनीतरी पायऱ्या उतरी राहिनं."

आम्ही हसलो. कांतीभाऊनं तरी कॅसेट मागे घेतली. आणि खरंच. ढोलांच्या खाली, एका जाड आवाजात, कुणीतरी एकेक पायरी उतरत होतं. मध्ये थांबत होतं. पुन्हा उतरत होतं. मी ती कॅसेट चाळीसदा तरी ऐकली असेल. वहीत तिला चार चांदण्या होत्या. पायऱ्या मला एकदाही ऐकू आल्या नव्हत्या, आणि आता दुसरं काही ऐकूच येईना.

मत्सर कुठून सुरू होतो, हे मला नक्की सांगता येतं. पोटातून बिटातून नाही. कानाच्या पाळ्या गरम होतात.

भटूकडे टेप नव्हता. एक जुना रेडिओ होता, बापाचा. पहाटे पाचला उठून तो शॉर्टवेव्हवर काटा केसभर केसभर सरकवायचा. कुठल्या कुठल्या देशांचं संगीत खरखरीतून वर यायचं आणि बुडायचं. मागून मागून आणलेल्या एका टेपाला त्यानं स्वतः केलेली वायर जोडून तो ते उतरवून घ्यायचा. तशीच एक वायर त्यानं मलाही करून दिली होती. देताना बजावलं होतं, "वायर काढी का माइक आपोआप चालू व्हस बरं. ध्यान ठेव." निवेदक काय बोलतो ते त्याला कळायचं नाही, म्हणून त्याच्या एकाही ट्रॅकला नाव नव्हतं. मग कॅसेटच्या कार्डावर, जिथे आम्ही नावं लिहायचो तिथे, तो गिचमिड अक्षरात वेगळंच लिहायचा.

'कोरड्या पाटात पहिलं पाणी.'

'जिनिंग बंद झाल्यावर कानात राहतं ते.'

'रिकाम्या एसटीची सैल खिडकी.'

'केळीच्या पानांवर पाऊस, पण दुसऱ्याच्या मळ्यात.'

कांतीभाऊनं ही कार्डं काउंटरच्या काचेखाली लावली. महिन्याभरात जामनेर-पहूरहून आलेली माणसं काचेवर बोट ठेवून सांगू लागली, "हे रिकाम्या एसटीचं भरून द्या." बी साइडला काय, असं विचारलं तर म्हणायची, "त्या पोराले विचारा, निळ्या कपड्यावाल्याले." माझी वही त्याच काउंटरवर असायची. मिटलेली.

मीही प्रयत्न केला, लपवत नाही. एका कॅसेटवर मी लिहिलं, 'समुद्राच्या लाटा'. भटूनं ते वाचलं, पूर्ण ऐकलं, आणि अगदी निरागसपणे विचारलं, "तू समुद्र कधी देखा रे भो?"

मी पाहिला नव्हता. गाळा हसला. कांतीभाऊ तर कापडवाल्यासारखा मांडीवर थाप मारून हसला. "अरे, मेहरून का तालाब लिख दे!" भटूही हसला, पण माझ्याकडे पाहून थांबला. म्हणाला, "दोस्त, रागे भरू नको. तुले नावं पाठ शेत. माले एक बी नाव माहीत नही." तो हे मनापासून म्हणाला होता. तेच तर सोसत नव्हतं. त्यानं मला तुच्छ मानलं असतं तर मी सुटलो असतो.

त्या हिवाळ्यात तो दोन-तीनदा घरी आला. आईनं त्याला कळण्याची भाकरी वाढली, त्यानं ठेच्याबरोबर तीन खाल्ल्या आणि आई मला म्हणाली, "पोरगा गुणी शे." एवढ्याशा वाक्यावरून मी दोन दिवस आईशी नीट बोललो नाही.

मग धुळ्याच्या गुलाबनानांचा विषय निघाला. नानांची बँडपार्टी नावाजलेली. त्यांनी त्या वर्षी मोठा कीबोर्ड घेतला होता, ढकलगाडीवर भोंग्यांबरोबर बसवायचा. त्यांना असा माणूस हवा होता जो नवीन धुना हुडकेल आणि बाकीच्यांकडून बसवून घेईल. एका सराईपुरता नाही, कायमचा. कांतीभाऊनं भटूचं नाव सुचवलं. नाना म्हणाले, पोराचा कान कसा आहे ते आधी ऐकू द्या, एक कॅसेट पाठवा.

भटूनं अख्ख्या हिवाळ्यातलं निवडून साठ मिनिटांची एक कॅसेट बांधली. कोऱ्या कॅसेटा परवडत नसल्यानं बाकीच्यांवर तो नवं भरून टाकायचा. त्याची प्रॅक्टिकल परीक्षा होती, आणि मी मावशीकडे धुळ्याला निघालो होतो. आदल्या दिवशी दुकानात त्यानं ती माझ्या हातात दिली. देण्याआधी खिशातून छोटा पेचकस काढला आणि कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या कट् कट् मोडल्या. त्या मोडल्या की कॅसेटवर पुन्हा काही भरता येत नाही. आम्ही त्यांना कान म्हणायचो.

"याना कान तोडी टाकात," भटू म्हणाला. "आते याले कोनी काही सांगू शकाव नही. आते हाई फक्त बोली."

दुपारी तीनचा सुमार. बाहेर डांबर मऊ झालेलं. आमच्या घरी त्याच आठवड्यात पहिला कूलर आला होता आणि मधल्या खोलीत तो घुरत होता. आई गच्चीवर ज्वारीच्या बिबड्या वाळत घालून नुकतीच खाली आली होती. मी दार लोटलं आणि भटूची कॅसेट लावली.

ती कॅसेट कशी होती हे सांगायला मला भटूच लागेल. मी एवढंच सांगतो की ते वेगवेगळे ट्रॅक वाटतच नव्हते. एक संपायच्या आत दुसरा खालून यायचा, विहिरीत पाणी चढावं तसा. शॉर्टवेव्हची खरखरसुद्धा त्यानं मोजून ठेवली होती. पायऱ्या उतरणारा तो माणूस पहिल्या बाजूला होता. दुसऱ्या बाजूच्या शेवटी तो पुन्हा आला, आणि या वेळी तो वर चढत होता. मी कुठल्या तरी देशाचं नाव आठवायचा प्रयत्न केला. मला त्या तासात पहिल्यांदा कळलं की मी इतकी वर्षं नुसता वाचत होतो.

आधी मी त्या कॅसेटची नक्कल केली. पूर्ण तास. ती माझ्याकडे असायलाच हवी होती. नक्कल झाल्यावर तिचे कान मी मोडले, कुणी चुकूनही पुसू नये म्हणून. मग ड्रॉवरमधून चिकटपट्टी काढली, दोन तुकडे कापले, आणि भटूच्या कॅसेटच्या तुटलेल्या कानांवर चिकटवले; भोकं बुजली की टेप फसतो आणि पुन्हा भरू देतो. टेपात खोचलेली भटूची वायर उपसून बाजूला ठेवली. रेकॉर्डचं लाल बटण दाबलं.

लोक म्हणतात, रागाच्या भरात हातून घडलं. मला ते म्हणायची सोय नाही. साठ मिनिटांची कॅसेट पुसायला साठ मिनिटं लागतात. मी पलंगावर बसून त्या दोन चक्रांकडे पाहत होतो. एक लहान होत गेलं, एक मोठं. केव्हाही बटण दाबून थांबवता आलं असतं. तीस मिनिटांनी खट् आवाज करून ते आपणच थांबलं. तेव्हा मी उठलो, कॅसेट काढली, उलटली, पुन्हा घातली. ती बाजू चालू असताना आईनं स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू का रे?" मी म्हणालो, "टाक."

मग चिकटपट्ट्या खरवडून काढल्या आणि कॅसेट डबीत ठेवली. डबीवर त्याचं कार्ड तसंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं एरंडोल, पारोळा करत धुळ्याला पोचलो. गुलाबनाना निंबाखाली खाटेवर बसून ढोलाची दोरी ताणत होते. "दोंडाईचानं पोरगं ना? चांगलं ऐकलंय त्याच्याबद्दल," म्हणाले. कॅसेट बंडीच्या खिशात टाकली आणि मला मोठा पेला भरून ताक दिलं. मी ते सगळं प्यालो.

पंधरा दिवसांनी भटू दुकानात आला. मी वही उघडून बसलो होतो. त्याच्या खिशात ती कॅसेट होती.

"गुलाबनाना सांगतस, यामा काहीच नही. नुसता घर्रर्र आवाज."

"मी खिडकीशी बसलो होतो," मी म्हणालो. हे मी पाठ करून ठेवलं होतं. "कॅसेट मांडीवर. पारोळ्यापर्यंत नुसतं ऊन. उन्हानं गेली असेल."

आमच्या भागात उन्हाचं नाव घेतलं की पुढे कुणी काही विचारत नाही. दूध नासलं, टायर फुटला, माणूस वाकडं बोलला, ऊन. कांतीभाऊ लगेच म्हणाला, "धूप की तो बात ही मत करो! परसों मेरी छे कॅसेटें टेढी हो गईं." भटूनं खिशातली कॅसेट काढली आणि तिच्या पाठीवरून, जिथे कान होते तिथून, अंगठा फिरवला. अंगठा क्षणभर चिकटला आणि सुटला. मी ते पाहिलं. त्यानं मला पाहताना पाहिलं.

"हाव," तो म्हणाला. "ऊन भलतं शे."

"दुसरी करून दे नानांना," मी म्हणालो. किती निर्लज्ज असतो माणूस.

"रेडिओवर एक डाव वाजस ते परत वाजत नही ना भो," तो म्हणाला. "आनि नानासनी दुसरा गडी बी लावी लिधा."

सायकलवर टांग टाकून तो निघाला. पाच-सहा पायडल गेल्यावर पाय टेकून थांबला आणि मागे वळून विचारलं, "तुमना घर नवा कूलर लिधा का?"

"हाव. का रे?"

"उजव्या अंगले घासस. तेल दे त्याले."

मी हो म्हटलं. तो गेल्यावर काउंटरवरची धूळ पुसत बसलो, आणि मग हातातलं फडकं तसंच राहिलं. भटू आमच्या घरी शेवटचा आला होता तो जानेवारीत. कूलर आला एप्रिलात.

घरी गेलो. कूलरला कान लावला. उजव्या अंगाला पातं घासत होतं, अगदी बारीक, दर चौथ्या फेरीला. तेव्हा मला वायर आठवली. वायर काढी का माइक चालू व्हस. मी कॅसेट पुसली नव्हतीच. एक तासभर मी स्वतःला भरत होतो. आमची खोली, आमचा कूलर, मध्ये माझ्या पलंगाची करकर, आईचं विचारणं. आणि त्या कॅसेटवर माझा स्वतःचा एक शब्द आहे: टाक. गुलाबनानांना घर्रर्र ऐकू आलं. भटूला सगळं ऐकू आलं असणार. पुन्हा कुणी पुसू नये म्हणून त्यानं त्या कॅसेटचे कान आधीच मोडले होते.

कूलरला मी तेल दिलं नाही. तो बारा वर्षं तसाच घासत चालला.

भटू निकाल लागल्यावर दोंडाईच्याला निघून गेला. काचेखालची कार्डं राहिली, पण कुणाची ते लोक विसरले. आणि विसरण्याची वाट मी पाहत होतो. त्याच्या कॅसेटची नक्कल माझ्याकडे होती. मी तिच्यातला एकेक ट्रॅक काढून लोकांना ऐकवत गेलो. भटूच्या शब्दांत सांगत गेलो. "ऐका, रिकाम्या एसटीची सैल खिडकी." लोक माना डोलवायचे. याला कान आहे, असं गावात माझ्याबद्दल बोललं जाऊ लागलं. बँडवाल्यांनी त्यातलं 'कोरड्या पाटात पहिलं पाणी' उचललं आणि दोन वर्षांत ते अख्ख्या खानदेशात वरातींपुढे वाजत होतं. माझ्या लग्नात वाजलं. मुंडावळ्या बांधून घोड्यावर बसलो होतो, समोर पोरं नाचत होती, आणि ढकलगाडीवरच्या भोंग्यातून पाणी पाटात शिरत होतं. पहाटे पाचला दुसऱ्या कुणीतरी केसभर काटा सरकवून आणलेलं पाणी. फोटोत मी खाली पाहतोय. लोकांना वाटतं, नवरदेव लाजला.

तीन वर्षांपूर्वी एका साखरपुड्याला दोंडाईच्याला गेलो. स्टेशनाकडून चालत येताना मोटार रिवाइंडिंगचं दुकान दिसलं. दारात सबमर्सिबल पंप आडवे पडलेले. आत पांढऱ्या केसांचा एक लुकडा माणूस चालत्या मोटरीच्या बेअरिंगवर पेचकसाचं टोक टेकवून, त्याची मूठ कानाला लावून, डोळे मिटून बसला होता. गिऱ्हाईक समोर काही बोलत होतं. भटूनं त्याला हातानं गप्प केलं. किती वर्षांनी तो चेहरा पाहिला, आणि काय सांगू, माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. अजूनही.

त्यानं डोळे उघडले आणि एका क्षणात ओळखलं. चहा मागवला. मुलं काय करतात, गुडघे कसे आहेत, असं बोललो. मग म्हणाला, "मंग? सध्या काय नवीन आयकी राहिना? नावं सांग. तुले नावं पाठ राहतस."

मला एकही आठवलं नाही.

त्यानं कपातला चहा गोल फिरवला. "आनि कूलर? शे का अजून?"

दार त्यानंच उघडून धरलं होतं. मला फक्त आत पाऊल टाकायचं होतं. "तो गेला. नवीन घेतला," मी म्हणालो.

"तेल देत जाय," तो म्हणाला आणि पुन्हा पेचकस कानाला लावला.

मुलीला मी अजून काही सांगितलेलं नाही. हे छापून आलं तर ती वाचेल. कपाटात खालच्या कप्प्यात ती नक्कल आहे. तिचे कान मोडलेले आहेत, त्यामुळे ती अजून जशीच्या तशी बोलते. पायऱ्या उतरणारा माणूस शेवटी वर चढतो. दोंडाईच्याची गाडी सकाळी असते, तिकीट काढायला काही अडचण नाही.

भटूची साठ मिनिटं माझ्याकडे आहेत, आणि एक वाक्य: ऊन नव्हतं, मी होतो. दोन्ही अजून त्याला द्यायची आहेत.